एकशे सदतिसावा खण

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. फाइल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पुठ्ठा, दोरी आणि धूळ आली असेल, तर ती माझी लांबची नातेवाईक. मी संगणकात राहते. मला वजन नाही, वास नाही आणि उंदरांची भीती नाही. तरीही मी आता म्हातारी झाले आहे आणि एकदा मरता मरता वाचले आहे. ते कसे, हेच तुम्हाला सांगायला बसले आहे. फाइलला बसता कसे येते आणि खोलीतले बोलणे तिला ऐकू कसे येते, असे विचारणारे एखादे चौकस मूल तुमच्यात असेलच. त्याला मी एवढेच सांगेन की, आत्मवृत्त सांगणाऱ्या छत्र्यांना आणि खुर्च्यांनाही कान असतात. मग मीच कुणाचे काय घोडे मारले आहे?

एका संस्थेत हवामानाचे मॉडेल आहे. मॉडेल म्हणजे संगणकातली लुटुपुटुची पृथ्वी. तिच्यावर ऊन पडते, वारा सुटतो, समुद्र तापतो, डोंगरांवर बर्फ साठते आणि वितळते, नद्या वाहतात. हे सगळे आकड्यांत चालते. माणूस मात्र तिथे एकही नाही, त्यामुळे भांडणेही नाहीत. ही पृथ्वी चालवायला खोलीभर पसरलेले मोठे यंत्र लागते, आणि त्या यंत्रापुढे कायम रांग असते. बारा तास झाले की यंत्र म्हणते, उठा, आता दुसऱ्याची पाळी. मग अर्ध्या वाटेवर आलेल्या पृथ्वीचे करायचे काय? ज्या क्षणी ती थांबली, त्या क्षणी जे जसे होते ते तसे लिहून ठेवायचे, आणि पुन्हा पाळी आली की तिथूनच पुढे निघायचे. ते लिहून ठेवलेले म्हणजे मी. मला रीस्टार्ट फाइल म्हणतात, म्हणजे थांबलेले पुन्हा सुरू करणारी.

पुस्तक वाचता वाचता झोप आली की तुम्ही पानात खूण घालून ठेवता. खुणेवरून पान सापडते, आणि आधीची गोष्ट तुमच्या डोक्यात असतेच. यंत्राच्या डोक्यात काहीही राहत नाही. त्याला पानही माझ्याकडूनच लागते आणि आधीची सगळी गोष्टही.

माझ्यात दोनशे चौदा खण आहेत. गणितात ज्याला चल म्हणतात, म्हणजे जिची किंमत बदलत राहते अशी गोष्ट, तशी एकेक गोष्ट एकेका खणात ठेवलेली आहे. एकात हवेचे तापमान, एकात वारा, एकात समुद्राचा खारटपणा, एकात बर्फाची जाडी. प्रत्येक खणावर तीन चिठ्ठ्या असाव्यात असा आमच्याकडचा रिवाज आहे. पहिलीवर खणाचे छोटे नाव, दुसरीवर एकक, तिसरीवर आत काय आहे याचे एका ओळीत वर्णन. आणि खणात काय ठेवायचे, याचाही नियम आहे. जे पुन्हा हिशेब करून काढता येते, ते ठेवून जागा अडवू नये. जे हरवले तर पुन्हा मिळणार नाही, ते मात्र ठेवलेच पाहिजे.

माझा जन्म घाईत झाला नाही. मॉडेलची पृथ्वी पहिल्यांदा सुरू करताना जमिनीखाली कुठे किती पाणी आहे, हे कुणालाच नक्की माहीत नसते. म्हणून एक अंदाज धरतात आणि पाणी आपापल्या जागी स्थिरावेपर्यंत पृथ्वीला नुसते फिरू देतात. वरची माती दोन-तीन वर्षांत ताळ्यावर येते. खोलवरचे पाणी मात्र महा आळशी. ते जागेवर बसायला मॉडेलमधली नऊशे वर्षे लागली. यंत्र दिवसाला चार वर्षे चालायचे, म्हणजे तुमच्या-आमच्या जगातले दोनशे पंचवीस दिवस. प्रत्येक वर्षाच्या अखेरीला माझी एक बहीण जन्माला यायची आणि तिच्या पुढची आली की जागेअभावी पुसली जायची. अशा माझ्या आठशे नव्व्याण्णव बहिणी गेल्या. मी नऊशेवी, म्हणून उरले. त्यांच्यातल्या कुणाचे मी तोंडही पाहिले नाही, तरी माझ्यातला एकेक आकडा त्यांच्याकडूनच आलेला आहे.

पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. ज्याला त्याला मीच हवी असायची. 'नऊशेवाली घेतलीय ना? मग काही काळजी नाही,' असे लोक म्हणायचे. दिवसातून दहा वेळा मला कुणी ना कुणी उघडायचे, आणि खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे.

आता आत्यांविषयी सांगते. मॉडेलमधला जमिनीखालच्या पाण्याचा भाग ज्या बाईंनी लिहिला, त्यांना सगळी संस्था आत्या म्हणायची. त्या खरोखरीच्या आत्या होत्या त्या डिस्क सांभाळणाऱ्या माणसाच्या. डिस्कवरच्या जुन्या फायली झाडून काढायचे त्याचे काम, म्हणून त्याला सगळे झाडूदादा म्हणत. तो भर ऑफिसात 'आत्या, अगं आत्या' करत हिंडायचा, आणि ते नाव सगळ्यांनीच उचलले.

माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, एका दुपारी आत्यांनी मॉडेलच्या फायलींत एक नवा खण जोडला. नंबर एकशे सदतीस. खोलवरच्या पाण्याचा. त्यांनी नाव टाइप केले, एक्स-नऊ. एकक आणि वर्णन लिहायचे, तेवढ्यात अलार्म कोकलू लागला. आगीची तालीम होती. सगळे जिने उतरून मैदानात उभे राहिले, हजेरी झाली, कुणाचे तरी नाव दोनदा पुकारले गेले म्हणून ती पुन्हा झाली. परत आल्यावर आत्यांपुढे दुसरेच काम येऊन पडले. दोन चिठ्ठ्या कोऱ्या राहिल्या त्या राहिल्याच. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, तीही चांगल्या मनाने. त्याआधीच्या जुन्या फायलींत हा खण नव्हता. त्या बिचाऱ्या अडून बसू नयेत म्हणून त्यांनी मॉडेलला सांगून ठेवले की, एक्स-नऊ मिळाला तर घे, नाही मिळाला तर शून्य धर आणि पुढे चल. मग आत्या निवृत्त झाल्या. त्यांचे ऑफिसचे ईमेल बंद झाले आणि त्यांची खुर्ची कुणीतरी खिडकीजवळ ओढून नेली.

त्यानंतर दोन वर्षांनी नेटकी मला उघडायला लागली. नेटकी हे तिचे ऑफिसातले नाव. तिच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असायच्या. तिचे काम एका खऱ्या नदीच्या खोऱ्याविषयी होते. पुढच्या चाळीस वर्षांत नदीचे काय होईल, हे तिला मॉडेलवरून काढायचे होते. नदीवर एक धरण होते, धरणाखाली एक कालवा, आणि कालव्यावर खालच्या खोऱ्यातली शेती जगत होती. नदी पुढे आटणार असेल तर कालवा कायमचा बंद करून ते पाणी वरच्या शहराला द्यावे, असा जलखात्याचा विचार चालला होता. ते नेटकीच्या आकड्यांची वाट पाहत होते. तीन वर्षांचे काम तिने त्यासाठी केले होते, आणि खालच्या खोऱ्यातल्या माणसांना तिचे नावही माहीत नव्हते.

एकदा चालवून भागत नाही. थोडा थोडा फरक करून वीस वेळा चालवावे लागते, आणि प्रत्येक वेळी माझी एक प्रत लागते. डिस्कवर जागा कमी. म्हणून नेटकीने माझी एक हलकी प्रत करायचे ठरवले. नियम मोडून कुणी ना कुणी सोयीसाठी ठेवलेले, पुन्हा हिशेबाने काढता येतील असे खण तिने शोधून काढले, अकरा सापडले. त्यातले दहा तिने अगदी बरोबर ओळखले होते, मी साक्षीला आहे. अकरावा एकशे सदतिसावा निघाला.

ती बेफिकीर होती असे कृपा करून समजू नका. त्या खणापाशी ती अर्धा दिवस घुटमळली. एकक नाही, वर्णन नाही, आत चार-पाच हजारांचे आकडे. तिने आत्यांना ईमेल केले, ते 'असा पत्ता नाही' म्हणून परत आले. झाडूदादाला विचारावे, हे तिच्या डोक्यातच आले नाही. तिने मॉडेलमध्ये शोध घेतला, तेव्हा तिला ती ओळ दिसली, नाही मिळाला तर शून्य धर. ती मनाशी म्हणाली, मॉडेलला शून्य चालते, तर हा खण महत्त्वाचा कसा असेल? तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटले असते.

एक चाचणी मात्र तिने नीट केली नाही. आमच्या धंद्यात जुळणी नावाची एक पद्धत आहे. मूळ फाइलवरून एक दिवस चालवायचे, बदललेल्या फाइलवरून एक दिवस चालवायचे, आणि दोन्हींचे सगळे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत ताडून पाहायचे. एक जरी आकडा हलला, तरी काहीतरी बिघडले आहे असे धरायचे. नेटकीने एक दिवस चालवला, तापमानाचे आणि वाऱ्याचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले आणि डोळ्यांनी पाहिले. रंग सारखे होते. एका दिवसात खोलवरच्या पाण्याचा वाऱ्याला काय पत्ता लागणार! तिने मान डोलावली आणि हलकी प्रत कामाला जुंपली. मॉडेलने इमानेइतबारे आपल्या डायरीत लिहिलेही, 'एक्स-नऊ मिळाला नाही, शून्य धरले.' पण डायरीत चाळीस हजार ओळी होत्या.

बाकीच्यांची माझ्याकडची कामे एव्हाना संपली होती, त्यामुळे तेव्हापासून मला कुणी उघडेनासे झाले. वीस हलक्या प्रती रोज राबत होत्या आणि मी कोपऱ्यात पडून होते. झाडूदादाचा नियम सगळ्यांना सारखा होता. सहा महिने जी फाइल कुणी उघडली नाही, ती पुसायची. मालकाला आधी तीन पत्रे जातात, आणि उत्तर आले नाही तर संमती समजतात. मला शेवटची वापरणारी म्हणून माझी मालकी नेटकीच्या नावावर होती, आणि तिला तिन्ही पत्रे गेली. ती आकड्यांत बुडालेली होती, तिने ती उघडलीच नाहीत. मित्रांनो, मला तिचा राग आला नाही, पण वाईट वाटले. माझ्याबरोबर एकशे सदतिसावा खणही जाणार होता, आणि तो आता जगात माझ्याशिवाय कुणाकडेच नव्हता.

तिकडे निकाल आले. नदी आटली होती! कोरड्या महिन्यांत पार ठणठणीत, तीही पहिल्याच वर्षापासून. विभागप्रमुख सरांनी आलेख पाहिला आणि ते खुर्चीतून उठलेच. "हे फार मोठं आहे," ते म्हणाले. जलखात्याची सभा परवावर आली होती. त्या दिवशी दुपारी तालीम म्हणून नेटकी खोलीतल्या पाच-सहा जणांपुढे आलेख दाखवत उभी राहिली.

नेमक्या त्याच दिवशी आत्या संस्थेत आल्या होत्या, निवृत्तीपासून घरीच राहिलेली कपाटाची किल्ली परत करायला. झाडूदादाने त्यांना चहाला थांबवले आणि तालमीच्या खोलीत मागच्या रांगेत आणून बसवले. नेटकीचे बोलणे संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"अगं, एक विचारू का? पाऊस कमी झालाय का तुझा?"

"नाही. पाऊस जवळजवळ तेवढाच आहे."

"आणि वाफ? ती वाढलीय?"

"थोडीशी. फार नाही."

"मग नदीचं पाणी गेलं कुठं?"

नेटकीने पुढचा आलेख दाखवला, मग मागचा दाखवला. आत्या उठून पुढे आल्या.

"पाऊस नसताना नदी कशावर वाहते, सांग बरं?"

"जमिनीतून झिरपून येणाऱ्या पाण्यावर."

"बरोबर. घरची टाकी रिकामी असली तर वरून कितीही पाणी सोड, आधी ती टाकीच पिऊन टाकते. टाकी भरेपर्यंत नळाला थेंब येत नाही. तुझी टाकी रिकामी दिसतेय गं. खोल पाण्याचा खण उघडून दाखव मला."

"खोल पाण्याचा खण?" नेटकी म्हणाली. "मातीचे चार थर आहेत. खोल पाण्याचा असा खणच नाहीये, आत्या."

"असा कसा नाही? मी स्वतः घातलाय. एक्स-नऊ."

नेटकीचा हात माऊसवर होता तो तिथेच राहिला. मग ती हळूच म्हणाली, "तो मी काढला."

मला वाटले, आता आत्या तिला फाडून खाणार. पण आत्या मटकन शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"त्याच्यावर वर्णन लिहिलं होतं का मी?"

"नाही."

"एकक?"

"तेही नाही."

"मग तू तरी काय करणार, पोरी," आत्या म्हणाल्या. "आगीची तालीम होती त्या दिवशी. परत येऊन लिहीन म्हटलं, आणि विसरले. मीच विसरले."

झाडूदादाने घसा खाकरला. "मूळ फाइल कुठली होती? नऊशेवाली?" त्याने आपल्या फोनवर यादी काढली आणि बोटाने खाली खाली सरकवत नेली. "बापरे. आत्या, ही तर उद्या सकाळी जाणार होती."

नेटकीने ऐकूनही घेतले नाही. तिने त्याच क्षणी मला उघडले. सहा महिन्यांनी माझ्यावर कुणाची तरी नजर पडली. ती खण मोजत खाली आली, एकशे पस्तीस, एकशे छत्तीस, आणि तिथे थांबली. खोऱ्याच्या जागेवरचे आकडे पडद्यावर आले, चार हजार तीनशे, चार हजार सहाशे. भरलेली टाकी. नेटकी एकदम रडायलाच लागली. आत्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रडतेस काय, आहे ना अजून!" मला पुसण्याच्या यादीतून काढायला कुणालाही बटण दाबावे लागले नाही. उघडलेली फाइल यादीतून आपोआप गळते.

आता तुम्हाला वाटेल, झाले, सगळे सुटले. पण सभा परवावर होती आणि रांग सोडून यंत्र मिळाले तरी नवे आकडे काढायला निदान तीन आठवडे लागणार होते. सरांनी आलेख पुन्हा पडद्यावर आणायला लावला. माणूस वाईट नव्हता, पण इतक्या मोठ्या निकालावर पाणी सोडणे कुणालाही जड जाते.

"पहिली दहा वर्षं गाळून टाकू," ते म्हणाले. "तोपर्यंत टाकी भरलेली असेल. उरलेली तीस दाखव. सभा पुढे ढकलली तर ते लोक आपल्याकडे पुन्हा येणार नाहीत."

"सर, ती टाकी चाळीस वर्षांतही भरत नाही," नेटकी म्हणाली. "नऊशे लागली होती."

"तू म्हणतेस ते बरोबर असेल गं. पण परवा तिथे उभी राहून काय सांगणार आहेस?"

"जे झालं तेच."

आणि तिने तेच सांगितले. सभेच्या लांब टेबलाच्या एका टोकाला ती उभी होती आणि दुसऱ्या टोकाला जलखात्याचे साहेब बसले होते. त्यांच्यापुढे कालवा बंद करण्याचे पत्र टाइप होऊन पडलेले होते, फक्त सही बाकी होती. मी एक खण काढून टाकला, तो काढायला नको होता, त्यामुळे नदी आटलेली दिसते आहे, ती खरोखर आटेल की नाही हे मला आज माहीत नाही. एवढेच ती बोलली. कुणाचे नाव घेतले नाही. आत्यांचेही नाही.

साहेब चिडले. "बाई, आम्ही सहा महिने थांबलोय. पत्रसुद्धा तयार करून आणलंय मी."

"आणखी तीन आठवडे थांबा, साहेब," ती म्हणाली. "कालवा एकदा मोडला की पुन्हा बांधायला किती वर्षं लागतील, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

साहेबांनी टेबलावर बोटे वाजवली. मग पत्राची घडी केली आणि बॅगेत ठेवली.

ते तीन आठवडे मी पुन्हा राबले. वीस प्रती, सगळ्या पूर्ण, दोनशे चौदाच्या दोनशे चौदा खणांसकट. या वेळी नेटकीने आधी जुळणी केली, शेवटच्या दशांशापर्यंत, आणि दोनदा केली. नदी आटली नाही. कोरड्या महिन्यांत ती पाचव्या हिश्श्याने रोडावली, पण वाहत राहिली. कालव्याच्या पाळ्या दोन दिवसांनी लांबवल्या तर खालच्या खोऱ्याला पुरेल, असा हिशेब निघाला. ते पत्र बॅगेतून पुन्हा बाहेर आले नाही. हल्ली कोरड्या महिन्यात पहाटे पाटकरी कालव्याचे दार उघडतो आणि पाणी शेतांकडे निघते. त्याला माझी माहिती नाही, नेटकीची नाही, आत्यांची तर नाहीच. त्याची काही गरजही नाही.

आत्या त्यानंतर एकदा पुन्हा आल्या, मुद्दाम. त्या सांगत गेल्या आणि नेटकीने टाइप केले. 'खोल जमिनीतले पाणी. एकक मिलिमीटर. पुन्हा काढता येत नाही, काढून टाकू नये.' आपल्या त्या भिडस्त ओळीतही आत्यांनी दुरुस्ती केली. आता खण मिळाला नाही, तर मॉडेल शून्य धरून पुढे जात नाही. ते थांबते आणि विचारते.

मित्रांनो, मी आता फार कामाची राहिलेली नाही. नवे मॉडेल आले आहे, त्याची वेगळी फाइल तयार होते आहे, आणि तेही दोनशेहून जास्त दिवस घेईल. मला त्याचे दुःख नाही. तुमच्याकडे माझे मागणे एकच आहे. तुम्हीही पुढे काहीतरी करून ठेवाल. कुणी यंत्र बांधेल, कुणी औषधांचे कपाट लावेल, कुणी घरातल्या तारा ओढेल. ते करताना अलार्म वाजेल, कुणी हाक मारेल, आणि तुम्ही म्हणाल, परत येऊन लिहीन. कृपा करून आधी लिहा आणि मग उठा. तुमच्यानंतर कुणीतरी ते उघडेल. ती हुशार असेल, मन लावून काम करणारी असेल, तुम्हाला पत्रही लिहील. पण तुम्ही तिथे नसाल, आणि तिला त्याच दुपारी ठरवायचे असेल, ठेवायचे की काढायचे.